लेखक चारला उठतात

गेल्या वर्षी जूनमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा मागतील या आशेने मी आवाज जरा खोल आणि थकलेला केला. कथा नको होती. ‘मी कसा लिहितो, काय वाचतो’ असा परिसंवाद होता आणि सातांपैकी एका लेखकाने ऐनवेळी अंग काढून घेतल्यामुळे जागा झाली होती. “दीड हजार शब्द. अगदी मोकळेपणानं लिहा,” संपादक म्हणाले. “वाचकांना खरं वाचायला आवडतं.”

अडचण अशी, की खरं दीड हजार शब्दांचं नव्हतंच. ते पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्याची बाजूही कोरी राहिली असती. साडेसातला उठतो. चहा. पेपर. मग दुसरा चहा, कारण पेपर अजून संपलेला नसतो. दहाला लॅपटॉप उघडतो आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य वाचतो. त्यात लॉजच्या जिन्यातला दिवा ‘मंद’ आहे. तो मी ‘मिणमिणता’ करतो. जेवतो. जेवल्यावर आडवा होतो. संध्याकाळी मिणमिणता दिवा मला अतिशय स्वस्त वाटतो, म्हणून तो परत मंद करतो. या दिव्याखाली माझा नायक २०१९ पासून उभा आहे. मिरजेचा लॉज, पहिला मजला. वरच्या खोलीत कोण आहे हे मला ठरवता आलेलं नाही, त्यामुळे त्याला वर पाठवता येत नाही. आणि खाली आणावं तर कादंबरी तिथेच संपते. मध्यंतरी जगभर साथ येऊन गेली. माणसं घरात कोंडली गेली, सुटली, पुन्हा कोंडली गेली. नायक जिन्यातच होता. विलगीकरणाचे नियम त्याच्याइतके कसोशीने कोणी पाळले नसतील.

हे छापायला देणं शक्य नव्हतं. शिवाय माझ्यापुढे अँथनी ट्रॉलपचं उदाहरण होतं.

ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. पोटापाण्याला पोस्ट खात्यात. त्याचं आत्मचरित्र मला अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर मिळालं आणि त्यातली दोन पानं मी इतक्या वेळा वाचली, की पुस्तक आता आपोआप तिथेच उघडतं. ट्रॉलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसलेला असे. समोर घड्याळ. दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. असे तीन तास, आणि मग हा गृहस्थ पोस्टाच्या कामाला मोकळा. कादंबऱ्या किती? ४७. हे सगळं त्याने आत्मचरित्रात सरळपणे सांगून टाकलं. तो १८८२ साली वारला, पुस्तक पुढच्या वर्षी आलं आणि लोक म्हणाले, हा लेखक कसला, हा तर कारकून! चांगली कमावलेली कीर्ती उतरली. खरं सांगणाऱ्याचं असं होत असेल, आणि तेही ४७ कादंबऱ्या लिहिल्यावर, तर अडीच पुस्तकं नावावर असलेल्या माणसाने कोणत्या भरवशावर खरं सांगायचं? (अर्धं पुस्तक म्हणजे एका मित्राबरोबरचं. कोणतं अर्धं माझं, यावर आमचं बोलणं बंद आहे.)

मी प्रयत्न केले नव्हते असं नाही. दुसऱ्यांच्या सवयी मी दुसऱ्यांच्या चपलांसारख्या घालून पाहिल्या आहेत. व्हिक्टर ह्यूगोने ‘नोत्र दाम’ची कादंबरी संपवायची म्हणून बाहेर जायचे कपडे कुलपात ठेवले आणि अंगावर एक लोकरी शाल घेऊन १८३० च्या हिवाळ्यात बसून राहिला. मला बाहेर जाण्याचा मोह कधीच नव्हता, त्यामुळे कपड्यांऐवजी मी मोबाइल कुलपात ठेवायला दिला. बायकोने कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली आणि ती ऑफिसला गेली. साडेअकराला सिलिंडरवाला आला. म्हणाला, कोड सांगा. कोड मोबाइलमध्ये, मोबाइल कपाटात, किल्ली हिंजवडीला. मी त्याला ह्यूगोबद्दल थोडं सांगून पाहिलं. त्याने सिलिंडर परत खांद्यावर घेतला. आई आतून म्हणाली, “मग आता रात्री काय शाल शिजवायची का?” मुराकामी पहाटे चारला उठून पाच-सहा तास लिहितो आणि मग दहा किलोमीटर पळतो. मी क्रम उलटा केला, आधी पळून घ्यावं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाय असे धरले, की दिवा मंद करायलासुद्धा खुर्चीपर्यंत जाववेना. शिलर टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं ठेवायचा, त्या वासाशिवाय त्याला म्हणे लिहिता येत नसे. तो प्रयोग माझ्याकडून नकळत झाला. भाजीची पिशवी पुस्तकांच्या खोलीत विसरली होती, त्यात सीताफळं. कादंबरी हलली नाही. मुंग्या आल्या.

आपल्याकडच्या उदाहरणांचा तर मला नुसता जाचच होतो. नेमाड्यांनी ‘कोसला’ पंधरा-सोळा दिवसांत लिहिली असं सांगतात. १९६३ साली ती आली तेव्हा त्यांचं वय पंचवीस. माझे पंधरा-सोळा दिवस मराठी टंक निवडण्यात गेले आणि वयाचा विषय नको. उतारवयात खांडेकरांची दृष्टी गेली, तरी ते तोंडी सांगत आणि दुसरं कुणी उतरवून घेई. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, पण ते मोबाइलमध्ये आहेत. दिलासा मिळतो तो फक्त हरिभाऊ आपट्यांकडून. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. कोणी मिरजेच्या नायकाची चौकशी केली, की मी हरिभाऊंचं नाव घेतो. त्यांनी ज्या पुऱ्या केल्या त्यांची यादी समोरच्याला पाठ नसेल एवढीच काळजी घ्यायची.

तर लेख लिहिला. एका बैठकीत लिहिला, हे मुद्दाम सांगतो, कारण असं आयुष्यात एकदाच घडलं आहे. दिवा मंद की मिणमिणता असला कुठलाच प्रश्न पडला नाही. ‘मी पहाटे चारला उठतो. शहर झोपलेलं असतं. खिडकीत चाफा असतो.’ आमच्या खिडकीत समोरच्या इमारतीचं ड्रेनेज आहे. ‘आठपर्यंत लिहितो. मग दिवसभर जग माझ्या अंगावरून वाहून जातं.’ आणि वाचनाबद्दल: ‘दहावीच्या सुटीत दस्तयेव्हस्कीने मला पहिल्यांदा हादरवलं. टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ मी दरवर्षी एकदा वाचतो.’ हे शेवटचं वाक्य पुढे फार महागात गेलं.

दहावीच्या सुटीत मला हादरवलं होतं ते बाबूराव अर्नाळकरांनी. आमच्या गावात पाणी दोन वेळा येई आणि नगरपालिकेच्या नळावर रांग लागे. घरात धाकटा मी. दोन कळश्या आणि एक बादली घेऊन मला पिटाळलं जाई. रांगेत वाचायला म्हणून मी वाचनालयातून ‘झुंजार’ नाहीतर ‘काळापहाड’ आणत असे. पानं सुटलेली, कोपऱ्यांना आधीच्या वाचकांची थुंकी लागलेली आणि शेवटचं पान हमखास गायब. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे गावाचं पाणी आटलं तरी पुस्तकं संपण्याची भीती नव्हती. झुंजार संकटात सापडला, की माझी बादली नळाखाली भरून वाहू लागे. मागच्या बायका ओरडत. एकदा तर कुणीतरी माझी भरलेली कळशी काढून आपली लावली, ती भरली, तिसरीने आपली लावली, आणि मी प्रकरण संपवून वर पाहिलं तेव्हा पाणी गेलेलं होतं. आईने त्या दिवशी पुस्तक वाचनालयात स्वतः नेऊन दिलं आणि ग्रंथपालांना सांगितलं, “याला यापुढे जाड पुस्तक देऊ नका.” ग्रंथपाल गंभीरपणे म्हणाले, “हे पातळच होतं.”

हे लेखात नव्हतं. लेखात दस्तयेव्हस्की होता.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दोन ऋतूंचं झालं आहे: दिवाळी अंकासाठी लिहिण्याचा आणि मानधनाची वाट पाहण्याचा. त्या वर्षी तिसराही निघाला. अंक धनत्रयोदशीला घरी आला. बायकोने फराळाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. ‘पहाटे चारला’ इथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, चकलीचा तुकडा मोडला आणि पुढे वाचू लागली. तेवीस वर्षांच्या संसारात इतकं निर्दय मौन मी ऐकलं नव्हतं. आई मात्र बोलली. “हा? चारला? दहावीला याच्या तोंडावर पाणी मारावं लागायचं.”

“लेखात तसं म्हणतात, आई,” बायको म्हणाली. “चाफासुद्धा आहे बघा पुढे.”

घरातलं घरात राहिलं असतं. पण सोसायटीत दोन माणसं दिवाळी अंक विकत घेतात हे मला माहीत नव्हतं. कळलं असतं तर आधी आनंद झाला असता.

पहिल्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर सोसायटीचे अध्यक्षही सरळ उभे राहतात. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. “‘वॉर अँड पीस’ दरवर्षी वाचता! मी तीनदाच वाचलं हो. मला सांगा, आंद्रेईचं जखमी होणं तुम्हाला कुठलं जास्त भिडतं?”

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘वॉर अँड पीस’ सुरू होतं ते जुलै १८०५ मध्ये, पीटर्सबर्गमध्ये, आन्ना पावलोव्हना शेररबाईंच्या घरी मेजवानी असते तिथे. त्या मेजवानीला मी सहा वेळा गेलो आहे. सगळ्यांशी माझी तोंडओळख आहे. कोणाचा मुलगा कसा वाया गेला, कोणाला कुठे चिकटवायचं आहे, सगळं मला माहीत आहे. पण त्या घरातून मी एकदाही बाहेर पडू शकलेलो नाही. जो येतो तो फ्रेंचमध्ये बोलतो, नमस्कार-चमत्कार होतात आणि मला झोप लागते. त्या मेजवानीत आंद्रेई चांगला धडधाकट होता.

“फार वाईट झालं,” मी म्हणालो.

“हो, पण कुठलं? ऑस्टरलिट्झचं की बोरोदिनोचं?”

म्हणजे बिचारा दोनदा जखमी झाला होता. “दोन्ही,” मी म्हणालो. “दोन्ही आपापल्या जागी.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पस्तीस वर्षं गृहपाठ तपासलेली नजर होती ती. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. “बरं,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी लेखातलं एकच वाक्य वाचलं होतं आणि त्याखाली लाल पेनाने रेघ मारली होती. ते अंक हातात घेऊन घरी आले.

“अभिनंदन साहेब. तुम्ही चारला उठता.”

मी मान जरा कलती केली.

“रोज?”

“साधना आहे ती,” मी म्हणालो.

“वा, वा. आपला वॉचमन गावाला गेलाय, बहिणीचं लग्न आहे. पाणी येतं सव्वाचारला. खालची टाकी लहान, तेव्हाच्या तेव्हा मोटर लावून वर चढवावं लागतं. मी म्हटलं, कोणाला उठवायचं एवढ्या पहाटे? तर हे वाचलं. म्हटलं, परमेश्वर आहे.”

मी म्हणालो, की त्या वेळी मी लिहीत असतो. ते म्हणाले, तेच तर, खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून लिहा, वरती ट्यूब आहे, शांतता आहे. बटण दाबायचं, चाळीस मिनिटांनी बंद करायचं. टाकी भरली की आपोआप मोटर बंद करणारं यंत्र होतं, पण ते बिघडलं आहे. नवीन घ्यायला तीन दरपत्रकं लागतात आणि दोनच आली आहेत. “दोन आठवड्यांचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “साधनाच आहे ती.”

वॉचमनच्या बहिणीचं लग्न झालं, मग वॉचमनचंही ठरलं. मी डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने रोज पहाटे चारला उठलो. कानटोपी, शाल (ह्यूगो!), हातात वही. पहिल्या दिवशी लिहिलं: ‘मोटरचा आवाज येतो आहे.’ दुसऱ्या दिवशी वाचलं, खरं वाटलं, तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ट्रॉलपचं मी अर्धवटच वाचलं होतं. ट्रॉलप साडेपाचला टेबलाशी बसे, कारण त्याच्या आधी उठून त्याला जागं करणारा एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत, आणि आपल्या यशाचं श्रेय इतर कोणाहीपेक्षा त्यालाच द्यायला हवं अशा अर्थाचं ट्रॉलपने लिहूनही ठेवलं आहे. सेक्रेटरींनी मला मेंटेनन्समध्ये महिन्याला पन्नास रुपयांची सूट दिली. म्हणजे त्या गोष्टीत मी होतोच, पण ट्रॉलप नव्हतो.

एखाद्या गुरुवारी पाणी बंद असे, त्या दिवशी मी साडेआठला उठायचो आणि घरात सगळे म्हणायचे, आज लिहिलं नाहीस वाटतं.

खुर्चीत वाचायला मी अर्थातच ‘वॉर अँड पीस’ नेलं होतं. बाईंनी मला पुन्हा लिफ्टमध्ये गाठू नये म्हणून मी जिन्याने ये-जा करू लागलो होतो आणि बोरोदिनोपर्यंत पोचणं हा आता अब्रूचा प्रश्न होता. पहाटेच्या थंडीत, मोटरच्या घरघरीत मी सातव्यांदा शेररबाईंकडे गेलो. त्यांनी माझं स्वागत केलं. झोप लागता लागता वाचली. पण ही जोखीम मोठी होती, कारण झोप लागली तर मोटर कोण बंद करणार? जागं ठेवील असं काहीतरी हवं होतं. त्या रविवारी फुटपाथवर गेलो आणि ढिगाच्या तळाशी हात घातला, तर एक अर्नाळकर. पानं सुटलेली. कोपऱ्यांवर तेच डाग. शेवटचं पान मी तिथेच उभं राहून तपासलं. होतं.

सोमवारी पहाटे सव्वाचारला बटण दाबलं आणि पुस्तक उघडलं. मला झोप लागली नाही, हे मी सेक्रेटरींना नंतर शपथेवर सांगितलं. उलट मी इतका जागा माझ्या लेखकीय आयुष्यात कधीच नव्हतो. बंगला, मध्यरात्र, बुरखा घातलेला माणूस, तिजोरीच्या मागे दुसरी तिजोरी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या कुणी रांगेत पुढे घुसून माझी कळशी काढली होती, तिचाही राग गेला. कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, पुस्तकात पाऊस सुरू झाला.

वरची टाकी पाचला भरली. मग ती वाहू लागली. गच्चीच्या पन्हाळीत कबुतरांची पिसं अडकली होती, म्हणून पाण्याने गच्चीचं दार धरलं आणि सहा मजले जिना उतरायला घेतला. जिन्याने येणारं पाणी घाई करत नाही. प्रत्येक पायरीवर जरा थांबतं, काठावर येतं, मग पुढची पायरी घेतं. माझ्या चपलेत ते शिरलं तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती आणि तिजोरी उघडायला दीड पान बाकी होतं. मी ते दीड पान संपवून उठलो. हे मी सेक्रेटरींना सांगितलेलं नाही.

मोटर बंद केली. वर पाहिलं, तर मजल्यामजल्यावर दिवे लागत होते. चौथ्या मजल्यावरची पायपुसणी दुसऱ्यावर आली होती. कोणाची तरी शाळेची बुटं जोडीने खाली येत होती. सेक्रेटरी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मधल्या जिन्यात उभे होते, एक हात कठड्यावर, वर जावं की खाली यावं हे न सुचून. डोक्यावर चाळीस वॅटचा दिवा. मंदच होता. सहा वर्षं मी त्या नायकाच्या चेहऱ्यावर काय असेल याचा विचार करत होतो. वही बगलेत होती, पण ती भिजून तिचा लगदा झाला होता.

“साहेब,” सेक्रेटरी अगदी हळू म्हणाले, “तुम्ही लिहीत होतात ना?”

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पदर खोचून खाली येत होत्या. हातात खराटा. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं: पाणी, मी, माझी कानटोपी, आणि खुर्चीवर पालथं पडलेलं पुस्तक. पुस्तक उचललं. चष्मा नीट केला. मुखपृष्ठावर पिस्तूल, बुरखा आणि एका घाबरलेल्या बाईचा अर्धा चेहरा होता. बाईंनी ते उलटून पाहिलं, मग मागचं पान चाचपून पाहिलं. मी बोरोदिनोच्या तयारीत उभा राहिलो.

“शेवटचं पान आहे,” त्या म्हणाल्या. खराटा माझ्या हातात दिला आणि पुस्तक पदराखाली घेतलं. “जिना वरून खाली झाडा. हे मी उद्या आणून देते.”